मधल्या पानावरचा चंद्र : एका माहितीपर बालपुस्तकाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका लेखिका-चित्रकाराचं आहे. ती मुलांसाठी माहितीपर पुस्तकं लिहिते आणि त्यांतली चित्रंही स्वतःच काढते. तिचं नाव, गावाचं नाव आणि पुस्तकाचं शीर्षक इथे दिलेलं नाही. गाव देवगड तालुक्यातलं, समुद्राला लागून आहे, एवढं पुरे. तिला मी ‘चित्रकार’ म्हणेन आणि जिच्यामुळे हे सगळं घडलं तिला ‘काकी’, कारण सगळं गाव तिला काकीच म्हणतं. या पुस्तकाचा संपादक मी होतो, म्हणून तटस्थपणाचा आव आणत नाही. चुकीची सुरुवात माझ्यापासूनच झाली.

पार्श्वभूमी

चित्रकार पुण्यात कला शिकली, काही वर्षं जाहिरातीत राहिली आणि मग आईच्या आजारपणामुळे गावी परतली. आई बरी झाली, पण ही गावातच राहिली. घरची हापूसची कलमं आहेत, त्यामुळे एप्रिल-मे हे दोन महिने ती चित्रकार नसते, पेट्या भरणारी असते. बाकीच्या काळात सरकारी पत्रकांसाठी आणि इतरांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढून तिचं घर चालतं, आणि उरलेल्या वेळात स्वतःची पुस्तकं होतात. लोकांना हे उलटं वाटतं. पुस्तक आलं की फेसबुकवर अभिनंदनाचा पाऊस पडतो आणि सगळे धरून चालतात की बाई यावरच जगते. मराठीत मुलांच्या माहितीपर पुस्तकावर कुणी जगत असेल तर मला त्या माणसाला भेटायचंय.

तिची काम करायची जागा म्हणजे घराची पडवी. सकाळी अकरापर्यंत तिथे चांगला उजेड असतो, नंतर माडाच्या झावळ्यांची सावली कागदावर हलायला लागते. जलरंगासाठी ती ३०० जीएसएमचा कॉटन पेपर वापरते. पावसाळ्यात त्यावर दिलेला हात दुसऱ्या दिवशीही ओलसर लागतो आणि एखाद्या कोपऱ्यात बुरशीचा ठिपका उगवतो. त्यामुळे अंतिम चित्रं दिवाळी ते शिमगा या काळातच करायची, असा तिचा नियम. झालेली चित्रं दोन प्लायच्या फळ्यांमध्ये बांधून फोंडाघाटमार्गे एसटीने पुण्याला. स्कॅनिंग पुण्यातच होतं.

पुस्तकाचा विषय होता भरती-ओहोटी. वय ८ ते ११. ३२ पानं, म्हणजे १६ पानांचे दोन फर्मे, सेंटर पिन बाइंडिंग. या बांधणीत मधली जोडी, पान १६-१७, एकाच सलग कागदावर येते. मध्ये सांधा नसल्यामुळे मोठं चित्र तिथेच द्यायचं हे ठरलेलं होतं. त्या चित्रात ओहोटीला उघड्या पडलेल्या खडपावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खडकांवर, कालवं (दगडाला चिकटणारे शिंपले) काढणाऱ्या बायका येणार होत्या. काकी त्यांतलीच एक.

मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या संध्याकाळी चित्रकार काकीबरोबर खडपावर गेली, फोटो काढले, रेखाटनं केली. त्यांवरून तिने जे चित्र केलं ते फार चांगलं उतरलं होतं. समोर पश्चिमेचं पाणी, विझत चाललेला नारिंगी, पुढे काळे ओले दगड आणि उकिडव्या बसलेल्या चार बायका.

तज्ज्ञ म्हणून भौतिकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक होते. मजकूर त्यांनी काटेकोर वाचला. पान ११ वर आम्ही लिहिलं होतं की पौर्णिमा-अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास एका रेषेत येतात म्हणून उधाणाची भरती येते, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात येते म्हणून भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. या मजकुरावर त्यांनी ‘योग्य’ असा शेरा दिला, आणि तो योग्यच होता.

अडचण

लेआउट लावताना मधल्या जोडीचा मजकूर मी वरून खाली घेतला. डावीकडचा वरचा कोपरा रिकामा दिसायला लागला. मी चित्रकाराला फोनवर म्हणालो, “त्या कोपऱ्यात चंद्र टाकू या का? नाहीतरी पुस्तक चंद्राचंच आहे.” तिने मूळ चित्रावर पांढऱ्या ग्वाशने, म्हणजे अपारदर्शक जलरंगाने, अर्धा चंद्र चढवला, क्षितिजापासून जरा वर. अर्धाच का? पूर्ण गोल फार जड दिसत होता आणि कोर फार नाजूक. बाकी कारण नव्हतं. ज्या संध्याकाळचे फोटो होते त्या संध्याकाळी आकाशात चंद्र नव्हता, अमावास्या होती. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं आणि दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

फाल्गुनात फाइल छापखान्यात गेली. पुढच्या आठवड्यात प्लेट निघणार होत्या. चित्रकाराने मधल्या पानाची रंगीत प्रिंट काकीला नेऊन दाखवली. तपासणीसाठी नाही, ‘तू यात आहेस’ हे दाखवायला. काकीने आधी स्वतःला ओळखलं, मग शेजारणीला. मग बोट वर नेलं.

“हो चंद्र अर्धो मां?”

“हो.”

“म्हणजे आठवी. आठवेक सांजच्या पाणी खडपार चढलेला असता. मगे ह्यो बायका खंय बसल्यो हत? पाण्यात?”

चित्रकाराने मला नंतर सांगितलं की पहिल्यांदा तिला रागच आला. काकीचा नव्हे, त्या चंद्राचा. मग तिने हिशोब केला. किनाऱ्यावर हा हिशोब पोरासोरांना येतो: तिथीला पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे आठ, आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती. आमच्या चित्रात संध्याकाळचे सहा-सव्वासहा वाजलेले होते आणि समुद्र कोरडा पडलेला.

काकी म्हणाली, “आज सातवी. उद्या सांजच्याक ये, दाखवतंय.”

दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. खडप जवळजवळ सगळं पाण्याखाली होतं, फक्त दोन-तीन उंच दगडांची डोकी वर. आणि चित्रकाराला आणखी एक गोष्ट दिसली जी काकीने सांगितली नव्हती: अर्धा चंद्र समुद्रावर नव्हताच, तो थेट डोक्यावर होता. शुक्ल अष्टमीचा चंद्र सूर्य मावळताना माथ्याच्या आसपास असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. आमचा चंद्र त्या वेळी क्षितिजाजवळ टेकला होता. म्हणजे एका चंद्रात तीन चुका: भरतीच्या वेळी ओहोटी, भांगाच्या दिवशी उधाणाएवढं उघडं खडप, आणि आकाशात चुकीच्या जागी चंद्र. वर पान ११ चा मजकूर पान १६ च्या चित्राला खोटं पाडत होता, तेही एकाच पुस्तकात.

रात्री साडेनऊला तिचा फोन आला. मी पहिलं वाक्य काय बोललो ते लिहायला लाज वाटते, पण प्रकरण अभ्यास म्हणजे तेच लिहायचं. मी म्हणालो, “पुण्यातल्या मुलाला कळणारे का हे?”

ती म्हणाली, “देवगडच्या मुलाला कळेल. आणि त्याला असंही कळेल की पुस्तकवाल्यांना आपल्याएवढंही माहीत नसतं.”

समोरचे पर्याय

त्या आठवड्यात आम्ही चार-पाच गोष्टींवर घोळ घातला. सगळ्या सारख्या वजनाच्या नव्हत्या.

तसंच छापायचं, हा पर्याय प्रकाशकांनी एकदा बोलून दाखवला आणि तज्ज्ञ प्राध्यापकांना विचारल्यावर तिथेच संपला. त्यांनी चित्रं पाहिलीच नव्हती, कारण आम्ही त्यांना फक्त मजकुराची वर्ड फाइल पाठवली होती. ते जरा दुखावल्यासारखे म्हणाले, “चित्र असताना माझं नाव पुस्तकावर फक्त मजकुरासाठी आहे हे वाचकाला कसं कळणार?”

चुकीची दुरुस्ती सांगणारी चिठ्ठी पुस्तकात घालायची, हेही निघालं. मोठ्यांच्या पुस्तकात शुद्धिपत्र चालतं. आठ वर्षांचं मूल चिठ्ठी पहिल्या दिवशी होडी करायला वापरतं.

संगणकावर चंद्र पुसायचा. माझा कौल याला होता, आणि खरं सांगायचं तर आजही मला तो पर्याय वाईट वाटत नाही. अर्ध्या तासाचं काम. चंद्र गेला की चित्र पुन्हा अमावास्येचं होतं, आणि अमावास्येचा हिशोब चोख बसतो: पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती सव्वाअकराला, भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे साडेपाचला. फोटो त्याच सुमाराचे होते. चित्र खरं झालं असतं आणि वेळापत्रक वाचलं असतं.

चित्रकाराचा आक्षेप वेगळा होता. तिचं म्हणणं, पुस्तकभर आपण मुलांना सांगतो की पाण्याचा आणि चंद्राचा संबंध आहे, आणि दोघं एकत्र, डोळ्यांनी दिसतील अशी एकही जागा पुस्तकात नाही. सगळीकडे आकृत्या आहेत, मध्ये पृथ्वी आणि भोवती बाण. “तू चंद्र टाक म्हणालास ते बरोबरच होतं,” ती म्हणाली, “मी भलता टाकला.” हे ऐकून मला बरं वाटायला नको होतं, पण वाटलं.

मग अर्ध्या चंद्राऐवजी बीजेची कोर टाकायची कल्पना आली. शुक्ल द्वितीयेची कोर संध्याकाळी पश्चिमेला, समुद्रावरच असते. तिची टोकंही आपल्याकडे बरीच वर वळलेली, होडीसारखी दिसतात, त्यामुळे चित्र छान झालं असतं. उधाणही असतंच. आम्ही जवळपास ठरवलंच होतं. पण दोनची पाऊणपट दीड, ओहोटी पावणेआठला. चित्रकाराने काकीला विचारलं, तेव्हा काकी हसली. “काळोखात कालवां फोडूक कोण जाता? बोटां कापूची हत?” आकाश खरं, पाणी खरं आणि माणसं खोटी झाली असती. हा निर्णयबिंदू मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे पंचांग आणि गणित दोन्ही आमच्या बाजूने होतं. काकीला विचारलं नसतं तर आम्ही शहाणपणाने दुसरी चूक छापली असती.

मग काकीलाच विचारलं: तू दिवसाउजेडी कालवांना जातेस आणि चंद्रही दिसतो, असं कधी होतं?

तिला विचार करावा लागला नाही. पुनवेनंतरची दुसरी-तिसरी, सकाळी.

हे गणितात बसवून पाहिलं. वद्य द्वितीया: भरती रात्री दीडला, ओहोटी सकाळी पावणेआठला. पौर्णिमेचा चंद्र सूर्योदयाच्या सुमारास मावळतो आणि पुढे रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा. म्हणजे वद्य द्वितीयेला सकाळी सव्वासातला तो पश्चिमेला, समुद्रावर, जवळजवळ पूर्ण, आणि दिवसाच्या उजेडामुळे फिकट. सूर्य मागे, डोंगराकडे. कोकणात समुद्राकडे तोंड करून उभं राहिल्यावर चंद्र आणि उघडं खडप एकत्र दिसायचं तर ही वेळ. मला हे कळलं तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभा होतो आणि उगाचच खिडकीतून आकाशाकडे पाहिलं. दुपार होती.

पण याचा अर्थ चित्र दुरुस्त होणार नव्हतं. संध्याकाळची सकाळ करायची म्हणजे प्रत्येक रंग बदलणार, प्रत्येक सावली उलटी पडणार. चित्र कोऱ्या कागदापासून पुन्हा काढावं लागणार होतं.

काय केलं

वेळ आधी ठरवली. अष्टमीनंतर वद्य द्वितीया नऊ-दहा दिवसांवर होती, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी. गावात शिमगा, पालखी घरोघर फिरत होती, काकीकडे पाहुणे. तरी ती म्हणाली, येतंय. पालखी सकाळी साताला थोडीच येते.

त्या सकाळी चित्रकाराने पाहिलेल्या आणि आधीच्या चित्रात नसलेल्या गोष्टी तिने मला व्हॉट्सअॅपवर एकामागून एक पाठवल्या. सूर्य उगवला होता, पण गाव आणि खडप अजून डोंगराच्या सावलीत, दूरचं पाणी मात्र उजळलेलं. म्हणजे चित्रात पुढचा भाग गडद आणि मागचा उजळ, आधीपेक्षा अगदी वेगळा ताल. कालवं दगडाला घट्ट चिकटलेली असतात. बायका ती उपटत नाहीत, टोकदार लोखंडी हत्याराने वरची शिंप उडवतात आणि आतलं मांस भांड्यात काढतात. खालची शिंप दगडालाच राहते. त्यामुळे जिथे काम होऊन गेलंय तिथे काळ्या दगडावर पांढऱ्या, नखाएवढ्या ते अंगठ्याएवढ्या चकत्यांची रांग दिसते, आणि बाई कुठून कुठे सरकत गेली ते त्यावरून कळतं. अमावास्येच्या फोटोंत या चकत्या होत्या. चित्रात त्या आल्या नव्हत्या, कारण चित्रकाराला त्या कागदावर रंग न लागलेल्या जागेसारख्या वाटल्या होत्या. या वेळी काकीने बोटाने दाखवल्या: ही माझी, ही तिची.

नवं चित्र अकरा दिवसांत झालं. चंद्राच्या जागी या वेळी ग्वाश नव्हता. मास्किंग फ्लुइड लावून कागदच कोरा ठेवला आणि आकाशाचा हात देऊन झाल्यावर ते खरवडून काढलं. त्यामुळे चंद्र कागदाच्याच पांढऱ्याचा आहे, वरून चिकटवल्यासारखा दिसत नाही. त्या अकरा दिवसांत आंब्याची पहिली तोड सुरू झाली होती आणि तिचा भाऊ तिच्याशी दोन दिवस बोलत नव्हता, हेही खर्चात धरायला हवं.

पैशांचं कसं झालं, हे अशा लेखांत सहसा येत नाही म्हणून सांगतो. आमच्या करारात कच्च्या रेखाटनापर्यंतच्या दुरुस्त्या मोफत होत्या. अंतिम चित्र मंजूर झाल्यावर पुन्हा काढायला लागलं तर काय, यावर करार गप्प होता. (करार गप्प असणं मराठी प्रकाशनात नवं नाही. मुदत लिहायचीच राहून गेली, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांची मुदत ५ वर्षं धरली जाते. हे माहीत असलेले चित्रकार मला फार कमी भेटलेत.) प्रकाशकांनी त्या जोडपानाच्या मानधनाच्या निम्मी रक्कम देऊ केली, कारण चूक चित्रकाराची. ती मान्य करायला निघाली होती. चंद्राची सूचना माझी होती हे मी त्या बैठकीत बोललो नाही. तीन दिवसांनी बोललो. मग पूर्ण रक्कम मिळाली. हे तीन दिवस माझ्या खात्यावर आहेत.

तिथीची पाऊणपट पुस्तकात घ्यायची की नाही, यावर वेगळी चर्चा झाली. पंचांग आलं की विज्ञानाच्या पुस्तकात लोक भुवया उंचावतात. प्राध्यापकांनीच प्रश्न सोडवला. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं कोनात्मक अंतर, दर १२ अंशांना एक. ३० तिथींचे ३६० अंश. भरतीची वेळ त्या कोनावर अवलंबून असते, मग तिथीवरून ती काढण्यात अवैज्ञानिक काय? नियम ढोबळ आहे, एवढंच. पाऊणपट केल्याने दर तिथीला ४५ मिनिटं धरली जातात आणि प्रत्यक्षात फरक त्याहून थोडा जास्त असतो. शिवाय किनाऱ्यानुसार वेळ पुढेमागे होते, आणि दिवसातल्या दोन भरत्याही सारख्या उंचीच्या नसतात. अचूक वेळ हवी तर सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतं. हे सगळं एका चौकटीत बसलं. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी ४ मीटरपेक्षा जास्त वरखाली होतं आणि दक्षिणेकडे येताना हे अंतर कमी होत जातं, हेही त्यातच घातलं, कारण मुंबईचं मूल देवगडला आलं तर त्याला समुद्र ‘कमी हलतो’ असं वाटेल.

शेवटचा प्रश्न काकीच्या नावाचा. श्रेयनामावलीत प्राध्यापकांचं नाव ‘तज्ज्ञ’ म्हणून होतं. काकीचं नाव ‘आभार’मध्ये, शाळेच्या मुख्याध्यापकांच्या आणि एसटी कंडक्टरच्या शेजारी टाकायचं, असा पहिला मसुदा. चित्रकाराने तो परत पाठवला. काकीने मजकूर नव्हे, पण चित्र तपासलं होतं आणि ते तपासणारी पुस्तकात ती एकटीच. प्राध्यापकांनाही ते पटलं. दोन्ही नावं एकाखाली एक, एकाच टाइपात आली, मानधनही सारखं. काकीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “माझा नाव कित्याक? माका वाचूक येणा नाय.” मग थोड्या वेळाने, नातवंडं किती आहेत ते बोटांवर मोजून तिने पाच प्रती मागितल्या.

परिणाम

पुस्तक जूनमध्ये शाळा उघडताना यायचं होतं. छापखान्याची ठरलेली वेळ गेली, पुढची मिळेपर्यंत पाऊस सुरू झाला आणि प्रती गणपतीच्या तोंडावर हातात आल्या. एका संस्थेने शाळांना वाटण्यासाठी प्रती घ्यायचं कबूल केलं होतं, त्यांचं त्या वर्षीचं अनुदान तोवर दुसरीकडे गेलं. २,००० प्रतींच्या आवृत्तीला हा धक्का लहान नव्हता. प्रकाशकांनी तो मला ऐकवला नाही, पण पुढच्या पुस्तकाचं बजेट कमी झालं.

चित्राचं म्हणाल तर किनाऱ्यावरच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी चित्रकाराबरोबर गेलो होतो. तिने काही न सांगता मधलं पान उघडून धरलं आणि विचारलं, किती वाजलेत? चौथीतला एक मुलगा म्हणाला, सात-आठ, सकाळचे. कशावरून? “चंद्र खाली गेलाय, नि सुकती आहे.” सुकती म्हणजे ओहोटी. तिथी सांगताना मात्र वर्गात भांडण लागलं, दुसरी की तिसरी, आणि ते अजून मिटलं नसावं. पुण्यातल्या शाळेत तेच पान दाखवल्यावर मुलांनी विचारलं, दिवसा चंद्र कसा? तो प्रश्न आम्ही धरलाच नव्हता, पण त्यावर अर्धा तास गेला आणि चांगला गेला.

आणि मग मागचं मुखपृष्ठ. मागच्या बाजूला मजकुराखाली सजावट म्हणून मधल्या चित्रातला एक तुकडा लावला होता, डावा वरचा कोपरा. त्याची फाइल वेगळी होती. मधलं पान बदललं, मुखपृष्ठाची फाइल कुणी उघडलीच नाही. तीन प्रूफं माझ्या हातून गेली. छापून आलेल्या पहिल्या गठ्ठ्यातली प्रत चित्रकाराने काकीला दिली, काकीने मधलं पान पाहिलं, समाधानाने मिटलं, पुस्तक उलटं केलं, आणि तिथे अर्धा चंद्र संध्याकाळच्या नारिंगीवर टेकलेला होता.

“हो हयसर कसो ऱवलो?”

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत सोपी गोष्ट: तज्ज्ञाला वर्ड फाइल नव्हे, चित्रांसकट डमी, म्हणजे पुस्तकाची नमुना प्रत, पाठवायला हवी होती. माहितीपर पुस्तकात चित्रही विधान करतं, हे मी कार्यशाळांत लोकांना सांगत आलोय. स्वतःच्या कामात मात्र मजकुराला तपासणी आणि चित्राला ‘छान झालंय’ एवढंच मिळालं. आता आम्ही प्रत्येक चित्राखाली, डमीत, तीन गोष्टी लिहून घेतो: कुठली वेळ, कुठला महिना, कुठल्या दिशेला तोंड. छापताना त्या काढून टाकतो. पक्ष्याच्या पिसाऱ्यापासून भाताच्या उंचीपर्यंत निम्म्या चुका त्या तीन शब्दांतच सापडतात.

दुसरी गोष्ट मला अवघड जाते. काकीला आम्ही मार्गशीर्षात खडपावर नेलं, तिचे हात काढले, तिची पाठ काढली, आणि ती जाणकार आहे हे फाल्गुनापर्यंत आमच्या लक्षात आलं नाही. तिला प्रिंट दाखवणं हा योगायोग होता. कच्चं रेखाटन दाखवलं असतं तर पेन्सिलीचा एक गोल खोडून काम भागलं असतं. यावर चित्रकार म्हणते की कच्च्या रेखाटनात चंद्र नव्हताच, तो नंतर आला; म्हणजे नियम असा हवा की मंजुरीनंतर चित्रात जे काही शिरेल ते पुन्हा त्याच माणसांकडे गेलं पाहिजे. तिचं बरोबर आहे. माझ्यासारख्याची फोनवरची सूचना सुद्धा त्यात यावी.

चंद्र पुसून जूनमध्ये पुस्तक काढायला हवं होतं का, यावर आमचं दोघांचं एकमत नाही. ती मुलं आणि ते अनुदान गेलं, हे मी धरून बसतो. ती म्हणते, पुसलेलं चित्र खरं असतं पण गप्प असतं.

मागच्या मुखपृष्ठावर स्टिकर लावायचा खर्च प्रकाशकांनी नाकारला. चित्रकार आता शाळांमध्ये स्वतःच पुस्तक उलटं करून दाखवते आणि यात काय चुकलंय ते विचारते. मुलांना ते आवडतं. मला अजून ते पाहवत नाही, मी त्या वेळी वर्गाबाहेर येऊन उभा राहतो. दुसऱ्या आवृत्तीसाठी मुखपृष्ठाची नवी फाइल तयार आहे. तिच्यावर चंद्र नाही, काळ्या दगडावरच्या पांढऱ्या चकत्यांची रांग आहे. पहिल्या आवृत्तीच्या तीनेकशे प्रती संपायच्या आहेत.